कडी कुणी लावली?

'ती वरडली बी नाही, मॅडम.' लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत समुपदेशनाला आलेल्या पोरांच्या तोंडून हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकते. त्याच्या मागोमाग येतं, 'ती आधी हसली होती', 'दोस्तांनी भरीला घातलं', 'तिचंच वळण चांगलं नाही'. चौकशीत दोष सिद्ध झाल्यावर बाल न्याय मंडळ मुलाला समुपदेशनाला पाठवू शकतं, अशी तरतूद 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 18 मध्ये आहे. शिक्षेवर आपण तावातावाने बोलतो, पण समुपदेशनाच्या या तासाविषयी फारसं कुणी विचारत नाही.

एका मुलाबद्दल सांगते. ओळख उघड होऊ नये म्हणून खुणा बदलल्या आहेत. सतरा वर्षांचा, वसमतकडचा. हळदीचा हंगाम होता. काढणी, शिजवणी, वाळवणी यांत मोठी माणसं दिवस दिवस शेतात असतात आणि शाळकरी पोरी घरी एकट्या राहतात. तो म्हणाला, 'एकदम झालं. मला कळलंच नाही.'

मी वाद घातला नाही. कोरा कागद आडवा ठेवला, त्यावर रेघ ओढली. डाव्या टोकाला त्या दिवशीचा सकाळचा चहा, उजव्या टोकाला घटना. मधलं त्याने भरायचं. घरून कधी निघालास? तिच्या घरी कुणी नाही, हे तुला कसं ठाऊक? तो एकेक लिहीत गेला. तिचे आईबाप ट्रॅक्टरवर जाताना पारावरून दिसले. चार्जर मागायचं निमित्त काढलं. समोरचा रस्ता सोडून मागच्या बोळातून गेलो. मग मी विचारलं, 'कडी कुणी लावली?' बराच वेळ पेन हललं नाही. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं: मी.

जे 'एकदम' झालं होतं त्याला आता चार थांबे होते, तेही त्याच्याच अक्षरात. प्रत्येक थांब्यावरून त्याला घरी परतता आलं असतं. पुढचे कित्येक तास आम्ही याच थांब्यांवर घालवले. तिथे मनात काय चाललं होतं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर तो काय करेल?

'ती ओरडली नाही', 'मला कळलंच नाही' अशा वाक्यांना मानसशास्त्र विचारांतली विकृती म्हणतं. अमेरिकेत जीन एबल आणि ज्युडिथ बेकर या संशोधकांनी 1980 च्या दशकात त्यांची मांडणी केली आणि मग गुन्हेगाराकडून सगळं कबूल करून घेणं हा उपचाराचा महत्त्वाचा भाग मानला जाऊ लागला. इंग्लंडच्या तुरुंगांत 1991 पासून लैंगिक गुन्हेगारांसाठी याच धर्तीचा मोठा कार्यक्रम चालला. 2017 च्या मूल्यमापनात त्यात भाग घेतलेल्यांपैकी 10 टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडले, न घेतलेल्यांपैकी 8 टक्के. कार्यक्रम बंद झाला. शॅड मारुना आणि रूथ मान या संशोधकांनी 2006 मध्येच बजावलं होतं की पकडलं गेल्यावर सबबी सांगणं हा माणसाचा स्वभाव आहे. मला हे पटतं. 'कळलंच नाही' ही भीतीपोटी आलेली सबब आहे, रेघेवर बसली की ती गळून पडते. 'ओरडली नाही म्हणजे चालत होतं' ही मात्र गुन्ह्याच्या आधीपासूनची समजूत आहे, आणि खरं काम तिच्यावर करायचं असतं.

ही समजूत पोराने स्वतः शोधलेली नसते. ती न्यायालयातही दिसली आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, 1983 मध्ये कायदा बदलला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला 2013 उजाडलं. मुलगी अठराच्या आतली असेल, तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली संमतीचा प्रश्नच उरत नाही. पारावर मात्र अजून तेच विचारतात: ओरडली का नाही?

वसमतकडच्या त्या मुलाचे वडील तासभर बाहेर बाकावर बसून असत. एकदा आत बोलावलं, तर म्हणाले, 'पोरीच्या जातीनं जपून राहावं की, मॅडम.' पोराने मान खाली घातली. महिनाभराचं काम त्या एका वाक्याने मागे नेलं. त्यानंतर मी वडिलांनाही दर वेळी आत बसवू लागले.

ज्यांच्या घरातला मुलगा अशा तासाला येतो, त्यांना माझी विनंती आहे. त्याला दारात सोडून परत जाऊ नका. वडिलांनी, काकांनी, थोरल्या भावाने आत येऊन बसावं आणि त्याच्यासोबत ती रेघ पहिल्यापासून वाचावी.