काठवट कशी घडते

हिंगोली जिल्ह्यांत ज्वारीची भाकरी नित्याची. आणि जेथें भाकरी तेथें काठवट, अशी जुनी रीत. अलीकडे स्टीलच्या परातीनें तिची जागा घेतल्यामुळें आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस हा शब्दच अपरिचित असेल. म्हणून तिची थोडी माहिती येथें देत आहों.

काठवट म्हणजे एकाच लांकडांतून कोरून काढलेलें पसरट, जड भांडें. गव्हाच्या पिठास चिवटपणा आणणारें ग्लुटेन ज्वारींत नसतें. त्यामुळें ज्वारीचें पीठ ऊन पाण्यांत भिजवून, तळहातानें रगडून, एकेका भाकरीपुरतें मळावें लागतें. अशा वेळीं हलकी परात सरकते. काठवट जागची हालत नाहीं. शिवाय लांकडांतून उष्णता सावकाश वाहते, म्हणून पीठ लवकर निवत नाहीं.

आतां तिच्या घडणीकडे वळूं. ओंडका सुकतांना सर्व दिशांनीं सारखा आटत नाहीं. वाढीच्या वलयांच्या दिशेनें तो जितका आटतो, त्याच्या सुमारें निम्माच गाभ्यापासून सालीकडे आटतो. ह्या ओढाताणींत अखंड ओंडका गाभ्यापर्यंत तडकतो. म्हणून तो मधोमध चिरून गाभा काढून टाकतात. लांकूड ओलें व मऊ असतांनाच वाकस चालवून पोकळी खोदावी. कड अंमळ जाड राखून भांडें कांहीं आठवडे सावलींत वाळूं द्यावें; उन्हांत ठेवल्यास बाहेरचा थर आधीं आटून भेगा पडतात. मग गोल धारेच्या पटाशीनें आंतील बाजू साफ करावी. हत्यार कांठाकडून तळाकडे न्यावें. उलट चालविल्यास तंतू उपटून निघतात. डाव किंवा उलथणें कोरतांना दांडा तंतूंच्या दिशेनेंच धरावा. आडवा धरल्यास तो लवकर मोडतो.

शेवटीं जवसाचें तेल चोळावें. तें लांकडांत मुरून हवेनें घट्ट होतें. शेंगदाण्याचें तेल तसें घट्ट न होतां खवट होतें. वापरल्यावर काठवट धुऊन, पुसून उभी ठेवावी. पाण्यांत भिजत ठेवूं नये.

लांकडी भांडें अस्वच्छ, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु १९९४ सालीं अमेरिकेंतील डीन क्लिव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लांकडी फळीवर टाकलेले बहुतेक जंतू थोड्याच वेळांत पृष्ठभागावर सांपडेनासे झाले. प्लास्टिकवर ते टिकून राहिले. अर्थात् धुण्यांत हयगय नको.

पूर्वीं नांगर, तिफण, कुळव यांबरोबर काठवटही गांवचा सुतारच करी, आणि सुगीला बलुत्याचें धान्य नेई. लोखंडी अवजारें व ट्रॅक्टर आल्यावर ती रीत मोडली. तिच्याबरोबर हें कसब शिकणारेही घटले. आमच्या वाचकांत सुतारांचीं मुलें आहेत. त्यांस आम्ही सांगतों कीं, लांकडाची रेघ पाहून तें कोठें तडकेल हें ओळखणाऱ्या आजोबांचें ज्ञान आमच्या विज्ञानाच्या तासाहून कमी दर्जाचें नाहीं. आणि त्यांच्यामागें तें कोणत्याही पुस्तकांत पुरतें सांपडणार नाहीं. जें विचारावयाचें तें त्यांना आजच विचारावें.

पालकांस आमची विनंती अशी कीं, ह्या सुटींत जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं मुलांच्या हातीं पटाशी द्यावी. प्रथम उलथणें, मग डाव, आणि हात बसल्यावर काठवट.