कंट्रोल आणि म

संगणकावर मराठी लिहिणारी माणसे आज घरोघरी आहेत. कविता असो, सोसायटीचे इतिवृत्त असो की लग्नपत्रिकेचा मजकूर, सारे कळफलकावरूनच उतरते. अक्षरे मराठी झाली, पण ती कापायच्या, हलवायच्या, ठळक करायच्या कळजोड्या, म्हणजे आपण ज्यांना शॉर्टकट म्हणतो त्या, इंग्रजीच राहिल्या.

त्याला कारण आहे. कापणे आणि चिकटवणे ही रीत १९७०च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी घडवली. पुढे झेड, एक्स, सी, व्ही या खालच्या ओळीतल्या शेजारी-शेजारी असलेल्या चार कळा तिच्यासाठी रूढ झाल्या. कॉपीचा सी, बोल्डचा बी. इंग्रजी जाणणाऱ्याला निम्मी आठवण अक्षरच करून देते.

आता आपला इनस्क्रिप्ट कळफलक पाहा. १९८६ मध्ये केंद्र सरकारने तो प्रमाण म्हणून ठरवला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. क आणि ख एकाच कळीवर, त आणि थ एकाच कळीवर. बाराखडी येणाऱ्याला तो चटकन उमगतो. पण त्यात सीच्या जागी म आहे, व्हीच्या जागी न आणि एक्सच्या जागी अनुस्वार. म्हणजे कंट्रोलसह म दाबला की नक्कल होते, न दाबला की ती चिकटते आणि अनुस्वार दाबला की मजकूर कापला जातो! यात लक्षात ठेवायला काही धागाच नाही, नुसते पाठांतर.

मग वाटते, आपल्या सोयीच्या कळा आपणच ठरवाव्यात. वर्डमध्ये तशी सोय आहे. ऑप्शन्समध्ये शिरून ‘कस्टमाइझ रिबन’च्या पानावर तळाशी ती सापडते. पण तिथे गेल्यावर कळते की कळफलकाचे मालक अनेक आहेत. काही जोड्या विंडोजने आधीच राखून ठेवलेल्या असतात. ऑल्ट-टॅब दाबले की खिडकीच बदलते. उरलेल्यांपैकी बहुतेक वर्डने घेतलेल्या असतात. कंट्रोलबरोबर मोकळे इंग्रजी अक्षर क्वचितच मिळते. ब्राउझरमध्ये लिहीत असाल, तर कंट्रोल-टी आणि कंट्रोल-डब्ल्यू त्याच्या मालकीच्या. परिच्छेद संपवायला जावे आणि पानच बंद व्हावे, असा प्रकार.

यात भाषेचाही प्रश्न आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. आचार्यास दिलेला मान वेगळा, आचाऱ्यास दिलेली बिदागी वेगळी. हा ऱ्या उमटवायला इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह र, मग हलन्त, मग य आणि शेवटी काना, एवढे करावे लागते. उर्दू शेर देवनागरीत उद्धृत करताना ज़ आणि फ़ यांच्या नुक्त्याची कळ वेगळी. शोधाशोधीला कंटाळून माणूस ‘दर्या’वरच भागवतो आणि डोंगरात समुद्र शिरतो. यासाठी स्वतःची कळजोडी केली, तर ती सहसा त्या संगणकावरच्या ‘नॉर्मल’ नावाच्या साच्याच्या फायलीत राहते. दुसऱ्या संगणकावर बसलो की बोटे जुन्या सवयीने चालतात आणि तिथे भलतेच काहीतरी होते. सवय हाताला लागते, नोंद मात्र यंत्रात राहते.

म्हणून थोडा विवेक हवा. कळजोडी ठरवताना ती आधी कोणत्या कामाला दिली आहे, हे वर्ड त्याच चौकटीत सांगते. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. सेव्ह, प्रिंट, अनडू यांना हात लावू नये. स्वतःच्या चार-पाच जोड्या पुष्कळ झाल्या. त्या कागदावर लिहून ठेवाव्यात आणि नॉर्मलच्या फायलीची एक प्रत जपावी. वारंवार लागणारे लांब शब्द कळजोडीऐवजी ऑटोकरेक्टमध्ये भरावेत: दोन-तीन अक्षरे लिहिली की पूर्ण शब्द उमटतो.

अक्षरांसाठी मात्र शॉर्टकट शोधू नये. इनस्क्रिप्ट बहुतेक संगणकांवर असतोच, फक्त सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. ऱ्या आणि नुक्ता यांच्या जागा एकदा बोटांना पाठ झाल्या, की कुठल्याही टेबलावर बसून दऱ्या दऱ्याच लिहिता येतात.