ठसका देणारं तेल

चमचाभर तेल नुसतंच तोंडात घ्यायचं. आधी टोमॅटोच्या पानाचा, ओल्या गवताचा वास. मग जिभेच्या मुळाशी कडवटपणा. आणि गिळल्यावर क्षणभराने घशात खवखव होऊन ठसका. नवख्याला वाटतं, तेल खराब निघालं. हाएनच्या माणसाला ठसका लागला की बरं वाटतं.

हाएन हा दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातला प्रांत. इथे ऑलिव्हची 6 कोटींहून जास्त झाडं आहेत आणि त्यांतली बहुतेक पिकुआल या एकाच जातीची. स्पॅनिशमध्ये ‘पिको’ म्हणजे टोक. फळाच्या खालच्या अंगाला कैरीसारखी चोच असते, तिच्यावरून हे नाव पडलं. झाडावरून तोडून खायला जाल तर थुंकाल, इतकं ते कडू. पण त्या कडूपणामागची पॉलिफेनॉल्स तेलात उतरतात, ओलेइक आम्लही 80 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून तेल लवकर खवट होत नाही. कातालोनियाच्या आर्बेकिना जातीचं तेल गोडसर, पाहुण्यांना आवडेल असं. पण टिकाऊपणात ते पिकुआलच्या मागे.

तरी पिकुआलची पत बरीच वर्षं बेताचीच होती. दोष झाडाचा नव्हे, घाईगडबडीचा. तोडणी डिसेंबरात, तीही फळ काळं पडल्यावर. जमिनीवर पडलेली फळं आणि झाडावरची एकाच ढिगात. ढीग तापायचा, आंबायचा, आणि ते तेल टँकर भरभरून मिसळणीसाठी बाहेर जायचं. आता जाणते शेतकरी ऑक्टोबरातच हिरवं फळ उतरवतात आणि त्याच दिवशी घाण्यावर नेतात. लगदा 27 अंशांच्या वर तापू देत नाहीत. किलोमागे तेल कमी पडतं, पण भाव चांगला येतो.

जुन्या बागांत एकेका ठिकाणी दोन-तीन खोडं, झाडांमध्ये 10-12 मीटर अंतर. खाली जाळी पसरायची आणि चिंचा झोडपाव्यात तशा लांब काठ्यांनी फांद्या झोडपायच्या. यात कोवळ्या डहाळ्या मोडतात, आणि पुढच्या वर्षीचं फळ धरायचं असतं नेमकं त्यांच्यावरच. आंब्यासारखं हे झाडही एक वर्ष भरभरून देतं, एक वर्ष हात आखडतं. झोडपण्याने ते आणखी रुसतं. पिकुआलचं फळ देठापासून सहज सुटतं, त्यामुळे खोड धरून हलवणारी यंत्रं तिला मानवतात. थंडीही ती सोसते. मर रोगापुढे मात्र हात टेकते. दुष्काळाचं म्हणाल, तर 2022-23 च्या हंगामात स्पेनचं तेल आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आलं.

राजस्थानात इस्रायलच्या मदतीने ज्या जाती लावल्या, त्यांत पिकुआलही होती. आपल्या कोकणात ती लावू म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: मोहोरासाठी तिला हिवाळ्याची खरी थंडी लागते.

हाएनमध्ये वाया काही जात नाही. तेल निघाल्यावर उरलेल्या बिया वाळवून हिवाळ्यात घरं तापवायला जाळतात.