हलाल गाडी, पण परवाना कुणाचा?

मगरीबची वेळ झाली की न्यूयॉर्कमधील अनेक मुस्लिम टॅक्सीचालकांचा रोजा रस्त्यावरच सुटतो. टॅक्सी कडेला लावायची, खजूर आणि पाण्याने इफ्तार करायचा आणि कोपऱ्यावरच्या हलाल गाडीवर चिकन-राइस घ्यायचे. या गाड्यांचा आणि टॅक्सीवाल्यांचा संबंध जुना आहे. १९९० मध्ये तीन इजिप्शियन स्थलांतरितांनी मॅनहॅटनमध्ये हॉट डॉगची गाडी लावली. मुस्लिम चालकांना पोटभर हलाल जेवण मिळत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी चिकन आणि भात सुरू केला. आज ‘हलाल गाइज’ हे नाव अनेक देशांत पोहोचले आहे.

मात्र कोपऱ्यावर उभ्या असलेल्या साध्या विक्रेत्याची गोष्ट वेगळी आहे. फूड ट्रक असो की हातगाडी, तिथे महापालिकेचा परवाना लागतो. १९८३ पासून या परवान्यांची संख्या सुमारे तीन हजारांवर गोठवली गेली. शहर वाढले, विक्रेते वाढले, परवाने तेवढेच राहिले. मग व्हायचे तेच झाले. पालिकेत दोन वर्षांसाठी सुमारे २०० डॉलरना मिळणारा परवाना काळ्या बाजारात २० हजार डॉलरहून अधिक भाड्याने जाऊ लागला. भट्टीसमोर एक जण उभा राहतो आणि घरबसल्या दुसराच कमावतो. हे भाडे शेवटी ग्राहकाच्या ताटातूनच वसूल होते. जोहरान ममदानी यांनी २०२५ मध्ये महापौरपदाच्या प्रचारात हाच मुद्दा मांडला. दहा डॉलरचे चिकन-राइस आठ डॉलरला मिळू शकते, असे ते म्हणाले. निवडून येऊन ते महापौर झाले.

यावर उपाय म्हणून शहराने २०२१ मध्ये कायदा केला होता. त्यानुसार २०२२ पासून दहा वर्षे, दरवर्षी ४४५ नवे परवाने द्यायचे. अट एकच, पण महत्त्वाची: परवानाधारकाने स्वतः गाडीवर हजर असले पाहिजे. म्हणजे परवाना भाड्याने देण्याची वाटच बंद.

मग योजना यशस्वी झाली का? विचार उत्तम, अंमलबजावणी लंगडी. पहिल्या काही वर्षांत ठरल्याइतके परवाने विक्रेत्यांच्या हाती पडले नाहीत. प्रतीक्षायादीत हजारो नावे आहेत. नंबर लागला तरी नियमात बसणारी गाडी घ्यायची, ती आरोग्य विभागाकडून तपासून घ्यायची, त्यासाठी पुन्हा पैसे उभे करायचे. तोवर पोट थांबत नाही. विक्रेता एक तर भाड्याचा परवाना घेतो, नाही तर विनापरवाना उभा राहून दंड भरतो.

आपल्याकडे २०१४ च्या पथविक्रेता कायद्यातही हेच तत्त्व आहे. विक्रेत्याने धंदा स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फत करायचा आणि प्रमाणपत्र भाड्याने द्यायचे नाही. पण ज्याच्या हातात प्रमाणपत्रच पडले नाही, त्याला या तत्त्वाचा काय उपयोग?

हलाल हा शब्द फक्त मांसापुरता नाही, तो कमाईलाही लागू आहे. दिवसभर रोजा ठेवून दुसऱ्यांसाठी भात शिजवणारा माणूस प्रामाणिकपणेच कमवू पाहतो. त्याला चोरवाटेने जायला लावते ती परवान्यांची टंचाई. म्हणून अशा योजनेचे यश रस्त्यावर किती गाड्या दिसतात यावर मोजू नये. गाडीवर टांगलेल्या कागदावर त्याच माणसाचे नाव आहे का, एवढेच पाहावे.