माळरानाचं अनुदान कोणाच्या नावावर?

संकटात सापडलेल्या प्राणी-पक्ष्यांसाठी सरकार पैसा देतं, हे आपल्याला ढोबळपणे ठाऊक असतं. तो कुठल्या वाटेने येतो आणि आपल्या बीड जिल्ह्यापर्यंत येता येता कुठे अडतो, हे मात्र फारसं कोणी पाहत नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वनखात्याशी आमचा संबंध नाही. तरी या विषयात शिरलो, कारण अनुदानाचा प्रश्न मुळाशी जाऊन पाहिला तर तो व्याख्येचा प्रश्न निघतो. आणि व्याख्या म्हटलं की आमच्यासारख्यांना राहवत नाही.

आधी व्यवहार समजून घेऊ. केंद्राची मुख्य योजना म्हणजे ‘वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास’. ती या नावाने २००८-०९ पासून चालू आहे. तिचे जुने घटक तीन. पहिला घटक राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं आणि राखीव क्षेत्रांसाठी. दुसरा या हद्दींच्या बाहेर राहणाऱ्या वन्यजीवांसाठी. तिसरा अगदी नामशेष व्हायच्या बेतात असलेल्या ठरावीक प्रजातींसाठी. खर्चात सर्वसाधारण राज्यांबाबत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० अशी वाटणी आहे, ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी ९० आणि १०. आता व्याघ्र प्रकल्प आणि हत्ती प्रकल्पही याच छत्राखाली आले आहेत, आणि वाघ ज्या पंगतीत बसतो तिथे मोठं पान कोणाचं, हे सांगायला नको.

पैसा मिळवायचा तर आधी व्यवस्थापन आराखडा लागतो, मग त्या वर्षाचा कामांचा आराखडा, मग राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांमार्फत दिल्लीला प्रस्ताव. मंजुरी झाली की हप्ता, आणि आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिलं की पुढचा. यात एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली! आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मराठवाड्यातले पाणवठे आटतात तेही त्याच सुमारास. कागद नव्या वर्षाचा हिशेब मांडायला बसतो तेव्हा जनावर पाण्यासाठी गाव गाठत असतं.

आता आपल्या घरचं बघू. बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. त्यात अभयारण्य एकच, पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य. १९९४ सालचं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. त्याला हद्द आहे, नाव आहे, म्हणून पहिल्या घटकातून त्याच्यासाठी पैसा मागता येतो: जाळरेषा, पाणवठे, कुंपण, पहाऱ्याचे मजूर. हे हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण मोर कोण? १९६३ पासूनचा राष्ट्रीय पक्षी, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला पूर्ण संरक्षण, आणि तरी जागतिक लाल यादीप्रमाणे त्याची गणना फारशी चिंता नसलेल्या पक्ष्यांत होते. म्हणजे मोर संरक्षित आहे, पण संकटग्रस्त नाही.

नैयायिकांनी व्याख्येचे दोष सांगितलेत, त्यांतले दोन इथे उपयोगी पडतात. जे यायला नको ते व्याख्येत आलं तर अतिव्याप्ती. जे यायला हवं ते बाहेर राहिलं तर अव्याप्ती. आपल्या अनुदानात दोन्ही दिसतात. मोर आत आला, ठीक आहे, त्याच्या नावाने एक टेकडी वाचली. पण आष्टी-पाटोद्याच्या माळावरचा लांडगा पाहा. तोही पहिल्या अनुसूचीत आहे, पण तिसऱ्या घटकाच्या प्रजातींच्या यादीत तो नाही. हिमबिबट्या आहे, हंगुल आहे, समुद्री कासवं आहेत, माळढोक आणि तणमोर आहेत. लांडगा नाही, खोकड नाही. शिवाय लांडगा हद्दीत राहत नाही, मेंढपाळाच्या कळपामागे फिरतो. यादीत नाव नाही आणि नकाशावर घर नाही, अशा जनावराला द्यायचं म्हटलं तरी अनुदान कुठल्या पत्त्यावर पाठवणार?

खरी अव्याप्ती याहून मोठी आहे. बाहेर राहिलं आहे ते अख्खं माळरान. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी या गवतांची जमीन आपल्या कागदांत कधी गायरान, कधी पोटखराबा, आणि बहुतेक वेळा नुसती ‘पडीक’. पडीक म्हटलं की तिचं काहीतरी भलं करायला लोक धावतात, आणि सगळ्यात सोपं भलं म्हणजे झाडं लावणं. राज्याने २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. बीडजवळ पालवणला २०२० मध्ये वृक्षसंमेलनही भरलं. झाडांना आमचा विरोध नाही, पण गवताचं संमेलन भरल्याचं आमच्या ऐकिवात नाही. उघड्या माळावर खड्डे खणून परकं झाड लावलं की तिथे जमिनीवर अंडी घालणारा पक्षी टिकत नाही आणि मेंढीची चराईही जाते.

पर्यायी वनीकरण निधीतही हाच धोका आहे. जंगलजमीन दुसऱ्या कामाला दिली की भरपाईचा पैसा या निधीत जमतो. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने त्यातले ४७ हजार कोटींवर रुपये राज्यांना दिले, महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी आले. निधीच्या नावातच वनीकरण आहे, तेव्हा पैसा झाडाकडे ओढला जाणारच. अपवाद घडतात. माळढोकाच्या प्रजननासाठी आणि अधिवासासाठी ३३.८५ कोटींचा सात वर्षांचा प्रकल्प याच निधीतून झाला आणि २०१९ मध्ये जैसलमेरला पिल्लं वाढवायला सुरुवात झाली. पण तोवर देशभरात माळढोक दीडशेच्या आत आले होते.

आपल्या शेजारचा माळढोकाचा इतिहास तर प्रत्येक सरपंचाने वाचावा असा आहे. सोलापूरजवळ नान्नजला हा पक्षी टिकला तो अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली राखलेल्या गवताच्या तुकड्यांत. पैसा दुष्काळासाठी आला होता, पक्ष्यासाठी नव्हे, पण गवत राखलं गेलं आणि पक्षी आला. मग १९७९ मध्ये सोलापूर-नगर मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. गावं, शेतं, रस्ते, सगळं हद्दीत. लोकांना जमिनीचे व्यवहार करणं अवघड झालं, आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधावर पक्षी अंडं घालायचा तोच त्याच्याकडे रागाने पाहू लागला. पुढे हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली, पण तोवर पक्षी जवळपास गेला होता. इतकी मोठी हद्द असूनही गवत कोणाच्या जबाबदारीवर आहे, हे ठरलं नव्हतं.

आपल्याकडे वन्यजीवाचा पैसा लोकांना थेट दिसतो तो फक्त नुकसानभरपाईत. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने तीन माणसं मारली, ते दिवस इथे बसलेल्यांना आठवत असतील. मृत्यूसाठीची केंद्राची मदत २०२३ मध्ये पाच लाखांवरून दहा लाख झाली, राज्याची रक्कम त्याहून जास्त आहे. द्यायलाच हवी. पण गावाला सरकार भेटतं ते प्रेत उचलल्यावर, आणि त्याआधी गवत-पाणी राखायला भेटत नाही, हे काही बरं लक्षण नव्हे.

मग वाट कोणती? अमेरिकेत १९७३ च्या कायद्यात सहावं कलम आहे. त्याखाली केंद्र राज्यांना साधारण ७५ टक्क्यांपर्यंत वाटा देतं आणि तो पैसा खासगी जमिनीवरच्या अधिवासालाही लागतो. आपल्याकडे दुसरा घटक नेमका हद्दीबाहेरच्या वन्यजीवांसाठीच आहे, तो मागायचा असतो. शिवाय २००२ च्या दुरुस्तीने दोन नवे प्रकार आले. सरकारी जमिनीवर ‘संवर्धन राखीव’ आणि गावाच्या किंवा खासगी जमिनीवर, मालकांच्या राजीखुशीने, ‘समुदाय राखीव’. हे दोन्ही पहिल्या घटकात बसतात. येवला तालुक्यातलं ममदापूर असंच संवर्धन राखीव आहे. आपल्यासारखाच दुष्काळी माळ, आणि त्यावर काळविटं.

नायगावच्या भोवतीच्या गायरानांसाठी हे का मागू नये? त्याआधी गावाची लोकजैवविविधता नोंदवही काढून पाहा. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा या नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. त्यात गवतांची नावं आहेत का, लांडग्याची विण कुठे होते ते आहे का, मेंढ्या कोणत्या महिन्यात कुठून येतात ते आहे का? नसेल तर ग्रामसभेत घालून घ्या. प्रस्तावाला पहिला पुरावा तोच लागतो. संवर्धन राखीवच्या समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो, तीन स्वयंसेवी संस्थांचे, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्याचा एकेक. मेंढपाळासाठी वेगळी जागा कायद्यात नाही. पंचायतीला आपली एक जागा आहे, तिथे कोणाला पाठवायचं ते पंचायतच ठरवते, आणि माळ कुठल्या महिन्यात पिवळा पडतो हे ज्याला ठाऊक आहे अशा धनगराला पाठवायला तिला कोणी अडवलेलं नाही.