बॅटरी आणि नोंदवही

सकाळी साडेसात. बार्शी स्टँडवर परांड्याची एसटी लागलेली असते. पिशवीत बॅटरी, हातमोजे, जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या, छापील फॉर्म आणि गावांची यादी. माझं काम कर्करोग नोंदणीचं. म्हणजे ठरावीक भागात एका वर्षात किती जणांना हा आजार झाला आणि किती जण त्याने गेले, याचा माणूस-माणूस धरून ठेवलेला हिशेब. शहरात रुग्ण दवाखान्यात येतो आणि कागद आपोआप तयार होतो. खेड्यात माणूस तिथवर पोचेलच याची खात्री नसते. म्हणून १९८७ साली इथे देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा नोंदणीनेच गावात जायचं ठरलं. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली गावं त्यात येतात.

नऊ वाजता ग्रामपंचायतीत मृत्यूचं रजिस्टर उघडते. कारणाच्या रकान्यात ‘हृदयक्रिया बंद’, ‘वृद्धापकाळ’, पुन्हा ‘हृदयक्रिया बंद’. एका नावापुढे वय ४८ आणि कारण ‘अशक्तपणा’. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शेतकरी माणूस नुसत्या अशक्तपणाने कसा जाईल? गावच्या आशा सेविकेला, आशाताईंना, विचारलं.

“शेवटी काय होत होतं त्यांना?”

“काही गिळता येत नव्हतं. नाकातल्या नळीनं पेज घालायचे.”

साडेदहाला त्या गेलेल्या शेतकऱ्याच्या घरी. वहिनींनी साडीच्या दुकानाची पिशवी फडताळातून काढून दिली. आत सगळे कागद जपून ठेवलेले. या घरात बराच वेळ जातो, आणि जायलाच हवा. सर्वांत जुनी चिठ्ठी दातांच्या डॉक्टरची: दाढ हलते, म्हणून काढली. नंतर जखम भरलीच नाही. दोन महिने गुळण्या आणि गोळ्या. मग सोलापूर, तिथे तुकडा तपासला, खालच्या हिरडीचा कर्करोग. ऑपरेशन, पुढे शेक (रेडिएशन) अर्धवट सोडलेला. “तुकडा काढला की पसरतंय, असं सगळे म्हणत होते,” वहिनी म्हणाल्या. पसरत नाही, तुकडा तपासल्याशिवाय आजाराचं नावच कळत नाही. हे त्यांना आता सांगून काय उपयोग, असं मनात येतं, तरी सांगते. घरात दोन मुलगे आहेत आणि थोरल्याच्या खिशाला चुन्याची डबी दिसते.

बारा वाजता मारुतीच्या पाराजवळ तपासणी. “आ करा बघू, आबा.” आबांच्या गालात, तंबाखूचा बार धरायची जी जागा, नेमका तिथेच पांढरा चट्टा. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग गालाच्या अस्तरात आणि खालच्या हिरडीत जास्त दिसतो, कारण तंबाखू तासन्‌तास तिथेच दाबून ठेवलेली असते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले साधारण चारातले एक प्रौढ तंबाखू चघळणारे किंवा तोंडात धरणारे निघाले. म्हाताऱ्या बायका मिश्री लावतात आणि तिला तंबाखू समजतच नाहीत. तरण्या पोरांच्या तोंडात मावा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारीने तोंड आखडलेली पोरं येतच आहेत. एकाच्या तोंडात उभी तीन बोटं जाईनात. तिखट सोसत नाही म्हणून तो आमटीत पाणी घालून खातो.

या बॅटरीवर माझा पूर्ण विश्वास आहे. तिरुवनंतपुरममध्ये प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन तोंडं पाहिली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. तो अभ्यास २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. यकृत-फुप्फुसाच्या आत डोकावायला यंत्र लागतं. तोंड नुसतं उघडलं तरी दिसतं.

दोनला भाकरी, परतीची गाडी.

चार वाजता ऑफिसात जुळवाजुळव. तोच रुग्ण सोलापूर, पुणे आणि मुंबईच्या कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो. कुठे आडनाव नाही, कुठे वय पाच वर्षांनी कमी. त्याला एकदाच मोजायचं. सकाळच्या माणसाला हिरडीचा संकेतांक, सी ०३, आणि मृत्यूच्या कारणात आता ‘अशक्तपणा’ नाही. ही एक ओळ आमच्या तक्त्यात जाते. अशाच ओळींच्या आधारे देशाचा अंदाज बांधतात: २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू. जगातल्या अशा नव्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून जास्त आपले. घसा आणि स्वरयंत्र यात धरलेलंच नाही. एवढे मृत्यू आजार असाध्य आहे म्हणून होत नाहीत. लवकर सापडला तर बहुतेक जण बरे होतात; आमच्याकडे मात्र बरेच जण मानेत गाठ आल्यावर येतात.

सहा वाजता आबांच्या मुलाला फोन.

“ज्वारीची काढणी उरकली की आणतो, ताई.”

“काढणी भावाकडे द्या. गुरुवारी सकाळी आबांना दवाखान्यात घेऊन या, मी केसपेपर काढून ठेवते.”

तो हो म्हणाला. आशाताईंनाही कळवून ठेवलंय. गुरुवारी आबा आले नाहीत, तर शुक्रवारच्या यादीत पहिलं गाव त्यांचं.