रान कोणाचे? लेखांक सहावा : बंगळूरची कावले

1687 साली बंगळूर विकायला निघाले होते. शहाजीराजांच्या जहागिरीतले हे गाव पुढे व्यंकोजीराजांकडे आले. पण त्यांनी तंजावरला गादी स्थापली आणि इतक्या दुरून बंगळूर राखणे त्यांना जड जाऊ लागले. म्हैसूरचे चिक्कदेवराज वोडेयर तीन लाख रुपये द्यायला तयार होते. सौदा ठरत आला असतानाच मोगल सरदार कासिमखान फौजेनिशी आला आणि त्याने किल्ला ताब्यात घेतला. नंतर त्याने तेच गाव त्याच चिक्कदेवराजांना त्याच तीन लाखांत देऊन टाकले. मूळ मालक हात चोळत राहिला आणि पैसे तिसऱ्यानेच खिशात घातले. जमिनीच्या व्यवहारांचा इतिहास वाचताना हा प्रकार पुन:पुन्हा भेटतो.

हे गिऱ्हाईक आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. याच चिक्कदेवराजांनी राज्यातल्या गुरांचे एक स्वतंत्र खाते उभे केले. त्याचे नाव बेण्णे चावडी, म्हणजे लोण्याची कचेरी. राजवाड्याला दूधलोणी पुरवायचे आणि गुरांचा वंश सांभाळायचा, हे तिचे काम. त्यासाठी राज्यभर गवताची राने राखून ठेवली गेली. आपण ज्याला कुरण म्हणतो, त्यालाच तिकडे कावल म्हणतात. हैदर आणि टिपूने हे खाते लष्कराच्या कामाला जुंपले आणि टिपूने त्याचे नाव अमृतमहाल असे ठेवले. लोणी मागे पडले, तोफा ओढणारा बैल पुढे आला.

त्या बैलाचे मोल मराठ्यांनी जवळून पाहिले होते. मार्च 1791 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगळूर घेतले आणि मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणावर चालून गेला. पण त्याचे बैल वाटेतच पटापट मेले. तोफा ओढायला जनावर उरले नाही, तेव्हा वेढ्याच्या जड तोफा स्वत:च्याच हाताने निकामी करून त्याला माघार घ्यावी लागली. परतीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा भेटल्या आणि त्यांच्या बाजारात इंग्रजी सैन्याच्या पोटाची सोय झाली. बारा वर्षांनी आर्थर वेलस्ली म्हैसूर मुलखातून पुण्यावर चालून आला, तोवर इंग्रजांनी हा धडा पुरता गिरवलेला होता. टिपू पडल्यावर त्याची गुरे त्यांच्या हाती आली होती आणि त्या जनावरांचे कौतुक वेलस्लीने पुढेही केले.

आता कावलांचा कारभार कसा चाले ते पाहू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. कावले तीन प्रकारची होती: उन्हाळी, पावसाळी आणि हिवाळी. उन्हाळ्याच्या कावलात सावलीला झाडे आणि तळ्याकाठची ओल हवी. पावसाळ्याच्या कावलात पाणी साचून चिखल होता कामा नये. खिल्लारे ऋतूप्रमाणे एका रानातून दुसऱ्या रानात जात. त्यामुळे कोणतेही कावल वर्षातले कित्येक महिने रिकामेच दिसे. गुराख्याच्या नजरेने ते रिकामे नव्हते, तिथे पुढच्या हंगामाचे गवत वाढत होते. परंतु पाहणीला आलेल्या साहेबाच्या वहीत ते ‘पडीक’ म्हणून चढे, आणि पडीक जमीन म्हटली की ती विकून महसूल वाढवण्याचा मोह कोणत्याही सरकारला आवरत नाही.

1813 मध्ये अमृतमहाल मद्रास कमिसारियटच्या कॅप्टन हार्वेकडे सोपवला गेला. हुणसूर येथून कारभार चाले आणि मद्रासच्या लष्कराला बैल पुरवले जात. 1860 मध्ये मद्रासचा गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन याने काटकसरीचे कारण देऊन खातेच मोडीत काढले आणि खिल्लारे विकून टाकली. काही वर्षांतच चांगला बैल मिळेना. 1866 मध्ये खाते पुन्हा उभारावे लागले. विकायला एक हुकूम पुरला, जमवायला मात्र पिढ्यांनी राखलेला वंश शोधत हिंडावे लागले. माझ्या मते वसाहतकाळातल्या सरकारी हिशेबाचा सगळा दोष या एका प्रकरणात दिसतो. बैलाचा खर्च वहीत दिसत होता, बैल नसण्याचा खर्च लिहायला वहीत रकाना नव्हता.

याच सुमारास आणखी एक बदल झाला, आणि तो आपल्याकडून तिकडे गेला. 1863 पासून म्हैसुरात जमिनीची मोजणी सुरू झाली ती मुंबई इलाख्याच्या पद्धतीने. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1830च्या दशकात इंदापूर तालुक्यात ही पद्धत बसवली होती: शेताला सर्व्हे नंबर, मातीची प्रत आण्यांत, त्यावरून आकार, आणि आकार भरणाऱ्याच्या नावे खाते. हे खाते वारशाने जाई, गहाण पडे, विकताही येई. जमीन बाजारात आणण्याचे हे फार सोपे यंत्र होते. 1875 मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, तेव्हा या सोपेपणाचे दुसरे टोक आपल्याला दिसले.

नांगराखालच्या जमिनीला हे यंत्र चपखल बसत होते. गवताच्या रानाला ते बसेना. खाते लावायचे तर एक नाव हवे, आणि गवताच्या रानावर एक नाव कधीच नव्हते. बंगळूरच्या भोवतालच्या माळावर कुरुबांची मेंढरे चरत, गावची गुरे चरत आणि सरकारी खिल्लारेही येत. सुगी झाली की शेतकरी कुरुबाला बोलावून मेंढरे रात्रीची शेतात बसवी आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देई. पुणे-सातारा भागात धनगरांची मेंढरे अशीच बसतात. म्हणजे इथे मेंढपाळ जमीन विकत घेत नव्हता, भाड्यानेही घेत नव्हता. उलट जमीनवालाच त्याला पैसे मोजत होता. या व्यवहाराची नोंद कुठल्याच खातेवहीत झाली नाही. मग जेव्हा गायरानाचे तुकडे लागवडीला मागण्याचे अर्ज आले, किंवा सरकारी गवताचे लिलाव पुकारले गेले, तेव्हा कुरुबाजवळ दाखवायला कागद नव्हता. लिलावात बोली लावणारा दुसराच कोणी होता.

मेंढीचा विचार इंग्रजांनी केलाच नाही असे नाही. 1834 ते 1861 एवढा दीर्घकाळ म्हैसूरचा कमिशनर असलेल्या सर मार्क कबनने मेरिनो एडके आणून देशी मेंढीची लोकर सुधारण्याचा खटाटोप केला. नजर मेंढीच्या अंगावरच्या लोकरीकडे होती, तिच्या पायाखालच्या रानाकडे नव्हती.

बंगळूरच्या वेशीवरचा सर्वांत मोठा जमीन-व्यवहार मात्र गुराख्यांसाठी झाला नाही. 1881 मध्ये म्हैसूरचे राज्य वोडेयरांना परत मिळाले. दुसऱ्याच वर्षी चामराजेंद्र वोडेयरांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन असोसिएशनला शेतीच्या वसाहतींसाठी 3,900 एकर जमीन दिली. संघटनेचे पुढारी डेव्हिड व्हाइट यांच्या नावावरून एका वसाहतीचे नाव व्हाइटफील्ड पडले. रेल्वे आणि सरकारी नोकरीच्या भरवशावर राहणाऱ्या या समाजाने शेतीवर स्वत:च्या पायावर उभे राहावे, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला होता. आज तिथे आयटी कंपन्यांचे मनोरे आहेत आणि तिथला चौरस फूट काय भावाने जातो हे पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत तोंडपाठ असेल, कारण मुलगा किंवा सून तिथेच नोकरीला असते.

एके काळी अमृतमहालची कावले चार लाख एकरांहून जास्त होती. स्वातंत्र्यानंतर ती लागवडीसाठी, वनीकरणासाठी, वसाहतींसाठी आणि संस्थांसाठी वाटली गेली आणि आता त्यातला लहानसा हिस्साच उरला आहे. चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरेची सुमारे दहा हजार एकर कावले डीआरडीओ, इस्रो, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि भारतीय विज्ञान संस्था यांसारख्यांना देण्यात आली, तेव्हा प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. तिथेही सुरुवातीला सरकारच्या लेखी ती जमीन मोकळीच होती. बंगळूर शहरात कावल आता नावापुरते उरले आहे: कावल बैरसंद्र, जारकबंडे कावल, बी. एम. कावल. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण ही नावे घेतो.

शहराच्या वायव्येला हेसरघट्टा येथे मात्र पशुसंवर्धन खात्याच्या ताब्यातले मोठे गवताळ रान टिकून राहिले. तिथे चित्रनगरी उभारण्याच्या योजना आल्या आणि गेल्या. 2024 मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने 5,678 एकरांच्या संवर्धन राखीव क्षेत्राला मान्यता दिली. हा निर्णय मला योग्य वाटतो. पण त्याचे समर्थन पक्षी, जलस्रोत आणि स्वच्छ हवा यांच्या नावाने झाले. ज्यांच्या गुरामेंढरांनी गवताळ राने गवताळ ठेवली, त्यांचा चराईचा हक्क हा वेगळा प्रश्न आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

कर्नाटकच्या महसूल नियमांत दर शंभर जनावरांमागे तीस एकर गोमाळ राखावे असे लिहिले आहे. आपल्याकडे गायरानाची नोंद असते. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश सगळ्या राज्यांना दिला. पुढचा लेखांक महाराष्ट्रातल्या गायरानांवर आहे. तोवर वाचकांनी एवढे करावे: आपल्या गावच्या गायरानाचा गट क्रमांक शोधावा आणि सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात काय लिहिले आहे ते तलाठ्याकडे जाऊन पाहून यावे.